चाक धरणारा उतार

निमोण्याहून दौंडकडे निघालं की नदीच्या पुलाअगोदर एक उतार लागतो. उताराच्या डाव्या हाताला, लिंबाच्या झाडाखाली, शेंदूर फासलेला एक दगड आहे. ट्रकवाले तिथे हॉर्न वाजवतात, नवी गाडी घेतलेले नारळ फोडतात, मोटारसायकलवाले खिशातून लिंबू काढून ठेवतात. का, असं विचारलंत तर कोणीही सांगेल, "इथं चाक धरतं." कोण धरतं ते मात्र कोणी सांगत नाही. नाव घेऊ नये म्हणतात.

मला नाव ठाऊक होतं, किंवा असावं असा संशय होता. आणि तरीही इतकी वर्षं मी तिथे उतरून, पदर सावरून, मुकाट्यानं लिंबूच ठेवत आले. आपणच पेटवलेल्या चुलीला आपणच हात जोडायचे, तसा प्रकार.

त्या उतारावर पहिल्यांदा ज्यांचं चाक धरलं ते आमचे मालक. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता.

गाडीपासून, म्हणजे मोटारसायकलीपासून सांगते. मालकांनी ती दौंडच्या एका रेल्वेतल्या माणसाकडून घेतली होती. आमच्या भागात तेव्हा सगळ्यांच्या गाड्यांना तारेचे ब्रेक. ह्या गाडीच्या पुढच्या चाकाला मात्र चकाकती डिस्क, आणि हँडलवर, उजव्या मुठीपाशी, काडेपेटीएवढी एक डबी. डबीला बोटाच्या पेराएवढी काच, आणि काचेतून दिसणारं पिवळसर तेल. लोक पारावरून उठून ती काच बघायला यायचे. मालक दोन बोटांनी ब्रेक दाबून दाखवायचे आणि म्हणायचे, "ताकद लागत न्हाई. तेल काम करतं."

हे वाक्य त्या घरातली एक शहाणी बाई कान देऊन ऐकत होती. ती बाई म्हणजे मी. सातवी पास, शिरूरला तीन महिने शिवणकाम शिकलेली, मशीनला तेल घालता येतं म्हणजे आपण अर्ध्या इंजिनिअर, असा तिचा समज. नवरा घरी नसताना गाडीच्या आरशात बघून टिकली लावायची आणि मग आरसा परत होता तसा फिरवून ठेवायची. तो कधीच होता तसा बसायचा नाही, ते वेगळं.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयते, कुदळी, नांगराचा फाळ, सगळं धुऊन पुजतात. पण आमच्या सासूबाईंची त्यात एक जास्तीची पद्धत होती. घरात जे जे हलतं, फिरतं, त्याला त्या दिवशी देवापुढच्या तेलाचं बोट लावायचं. विहिरीच्या रहाटाला, दाराच्या बिजागरीला, जात्याच्या खुंट्याला, माझ्या शिलाई मशीनला. वर्षभर चाललं, आता पोटाला घाला त्याच्या, असं त्या म्हणायच्या.

त्या वर्षी मालक झेंडूच्या तोडणीला गेलेले, सासूबाई देवळात. मी गाडी धुतली, पुसली, हळद-कुंकू लावलं. आणि माझी नजर गेली काचेवर. तेल अर्ध्यावर आलेलं. चार दिवस मालक म्हणत होते, शिरूरला गेलं की तेल आणायला पाहिजे. मी म्हटलं, एवढ्यासाठी शिरूर कशाला? देवापुढचं आहे की!

स्क्रू काढले. आत बघितलं तर पिवळसर, पातळ, हुबेहूब आमच्या शेंगदाण्याच्या गोड्या तेलासारखं. बुधली आणली आणि काचेत वरपर्यंत दिसेल इतकं ओतलं. झाकण लावलं, पदरानं पुसलं, वर कुंकवाचं बोट टेकवलं. एवढं नीट काम मी त्या वर्षात दुसरं केलं नसेल.

संध्याकाळी मालकांनी काच बघितली. "आरं तिच्या! हे उतरलं होतं ना?"

मी म्हटलं, "नवमी हाय आज. देवानं भरलं असंल."

ते हसले. आपलंच बघण्यात चुकलं असं त्यांना वाटलं असावं, आणि शिरूरहून तेल आणायचं राहून गेलं.

दिवाळीच्या तोंडाला एक दिवस ते जेवताना म्हणाले, "गाडी जड चालतीय. पुढचं चाक धरतंय गं."

मी चकलीचा सोऱ्या फिरवत होते. म्हटलं, "चाकाला कशाला नावं ठेवता? वजन वाढलंय तुमचं."

सासूबाई फिस्सकन हसल्या. तेही हसले, आणि एक चकली जास्तीची उचलली. मला माझ्या हजरजबाबीपणाचं इतकं कौतुक वाटलं की दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर मी तो विनोद दोघींना सांगितला. मी तो सांगत होते त्याच दुपारी ते बहिणीला दिवाळीसाठी आणायला दौंडला निघाले होते.

उतारावर उसाची एक बैलगाडी बाजूला उभी होती. गाडीवान तोडणीसाठी लांबून आलेला, आमचं कोणी त्याच्या ओळखीचं नाही. त्यानं जे बघितलं तेच सांगितलं, "फटफटी जागच्या जागी थांबली आन् चालवणारा पुढं गेला." समोर काही आलं नाही, कोणाला धडक नाही. मालकांचं डोकं रस्त्याखालच्या मोरीच्या दगडाला लागलं, आणि त्यातच ते गेले. लोक जमून गाडी उचलेपर्यंत बराच वेळ गेला, आणि उचलल्यावर पुढचं चाक हातानं फिरवून बघितलं तर ते गरगर फिरलं. कुठं काही अडकलेलं नाही, वाकलेलं नाही.

त्या फिरलेल्या चाकानं गावात दोन तट पाडले. अर्धे म्हणाले, प्यालेला असणार, दुसरं काय. अर्धे म्हणाले, धरलं होतं आणि सोडलं. सासूबाईंना पोरगा पिऊन मेला हे ऐकवेना. त्यांनी दुसऱ्या तटाचा धरला हात, उतारावर जाऊन दगड मांडला, शेंदूर लावला. बाकीचं लोकांनी केलं. वर्षभरात तिथे आणखी चार जणांचं चाक धरलं गेलं होतं, निदान ते तसं सांगत होते.

आणि मी? त्या वेळी माझ्या डोक्यात तेलाचा विचारच नव्हता. तो आला पुढच्या खंडेनवमीला. गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेली. मी हळद-कुंकू लावलं, बुधली उचलली, आणि हात जागच्या जागी थांबला. पुढचं चाक धरतंय गं. कोणी बोललं नाही, बाहेर भर ऊन होतं, कोंबड्या उकरत होत्या. पण मला जेवणाच्या ताटावरून आल्यासारखं ते स्वच्छ ऐकू आलं. मी बुधली घेऊन मागच्या मागे बाहेर आले.

तेव्हापासून घरातल्या सगळ्या वस्तूंना तेल लागायचं, गाडीला नाही. सासूबाईंनी विचारलं तर म्हणायचे, "नको, डाग पडतात."

माझ्या तेलानं झालं की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. विचारणार कोणाला? मेकॅनिकला विचारलं तर तो विचारणार, का विचारता? मग मी दोन्ही तटांना मान डोलवायला शिकले. पिण्याचं कोणी बोललं की खाली बघायचं, उताराचं बोललं की हात जोडायचे. सासूबाई भुताला नैवेद्य दाखवत गेल्या. मुलगा मात्र भुतावर वाढला नाही. शाळेत पोरं त्याला काय म्हणायची ते माझ्या कानावर यायचं. मोठा होऊन तो लग्नात कोणाच्या तोंडाला वास आला की ताट सोडून उठणारा माणूस झाला. बापाचा फोटो त्यानं कधी पुसला नाही. गाडीपुढे कांद्याच्या गोण्या रचल्या, ती दिसूच नये म्हणून.

मला ते ताटावरचं वाक्य मात्र येतच राहिलं. दळण निवडताना, पिको करताना, एकदा तर बँकेच्या रांगेत. मीही उत्तर द्यायचे मनात, दर वेळी तेच. वजन वाढलंय तुमचं. दुसरं उत्तर मला सुचलंच नाही.

गोण्या हलवल्या त्या सुनेनं. ती मला आत्या म्हणते, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. रांजणगावच्या एमआयडीसीत क्वालिटीत आहे, गाड्यांच्या ब्रेकचे पार्ट दिवसभर तपासते. घरी आली तरी डोळे तेच. माझी भाकरी वळवून बघते आणि म्हणते, "आत्या, ही रिजेक्ट." गेल्या वर्षी तिनं शिरूरच्या मेकॅनिककडून गाडीचं इंजिन करून घेतलं. फटाफट चालू झाली. मेकॅनिक म्हणाला, पुढचा ब्रेक जाम आहे, काढून टाका, मागच्यावर चालवा.

सुनेनं ऐकलं नाही. "ब्रेकच तपासून पोट भरते मी, आन् बिनब्रेकची गाडी चालवू?" तिनं कुठून कुठून विचारून त्या डबीच्या आतल्या सामानाचं किट मागवलं. गुरुवारी तिला सुट्टी असते. एका गुरुवारी सकाळी अंगणात पोतं अंथरून बसली आणि मला म्हणाली, "या आत्या, मदतीला. तुमची बोटं बारीक कामाची."

नको म्हणावं तर का, ते सांगावं लागणार. आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं. इतक्या वर्षांत ती डबी कोणी उघडली नव्हती. माझ्यानंतर कोणीच नाही.

स्क्रू गंजून एकजीव झालेले. तिनं औषध फवारलं, थांबली, हातोडीनं हलके टोले दिले, मग एकेक सुटला. झाकण निघालं आणि वास आला. सुनेनं नाक मुरडलं, "ई, कसला वास हा?"

मी ओळखला. जुन्या समईच्या बुडाशी असतो तो. खवट.

आत चॉकलेटी रंगाचा डिंक होता. खरवडून काढला. मग लिव्हर सोडवली, तोंडावरचं रबरी टोपण काढलं, आतली गोल कडी चिमट्यानं दाबून बाहेर घेतली. त्याच्यामागे दट्ट्या असतो. लिव्हर दाबली की हा आत सरकतो आणि तेलाला खाली चाकाकडे ढकलतो, असं तिनं मला समजावलं. दट्ट्या काही हलेना. शेवटी सायकलचा पंप लावला. "तोंड बाजूला घ्या, आत्या." चार दणके हवा, आणि फट्‌ करून तो फडक्यात येऊन पडला. अंगठ्याएवढाही नाही. त्याच्यावर छोट्या वाटीसारखं एक रबर.

सुनेनं किटमधली नवी वाटी काढली आणि दोन्ही शेजारी तळहातावर ठेवल्या. नवी ताठ, कडा सुईसारखी. जुनी भिजलेल्या हरभऱ्यासारखी टम्म, कडेला झालर सुटलेली. तिनं सवयीनं पर्समधलं व्हर्निअर काढून मोजलीसुद्धा. "पूर्ण फुगलीय. हे झिजल्याचं न्हाई. ह्यात कुणीतरी चुकीचं तेल घातलंय."

मी विचारलं, "फुगली की काय होतं?"

तिनं डबीच्या तळाशी बोट दाखवलं. तिथे दोन भोकं, एक दिसेल असं, दुसरं सुईच्या टोकाएवढं. "हे बारकं बघा. ब्रेक मारला की तेल खाली जातं, सोडला की ह्यातून परत येतं. वाटी फुगली की ती ह्याच्यावरच बसून राहती. मग तेलाला परत यायला वाट न्हाई. ब्रेक थोडा थोडा लागूनच राहतो. गाडी जड चालती. लांब गेलं, ऊन असलं, उतारावर दोन-तीनदा मारला, की तेल तापून आणखी फुगतं, आन् मग चाक आपोआप धरतं."

"आन् गार झालं की?"

"सुटतं की. गरगर फिरतं."

ती खाली बघून भोक साफ करत होती, म्हणून तिनं माझं तोंड बघितलं नाही. सासूबाईंनी शेंदूर लावून जे सांगितलं, तेच ही पोरगी व्हर्निअर हातात धरून सांगत होती. शब्दसुद्धा तेच. गाडीवान खोटं बोलला नव्हता. कोणीच खोटं बोललं नव्हतं. बोलायची राहिली होती ती फक्त मी.

"त्या वेळचा कुणी येडा मेकॅनिक असंल," सून म्हणाली.

बघा, वाट अशी आयती समोर येते. त्या वेळचा मेकॅनिक कधीच वारला. त्याच्यावर घातलं तर त्याला काय कळणार होतं? मी गप्प राहिले. गप्प राहायचा मला सराव होता.

ते बारकं भोक बंदच होतं. तिच्या हातून होईना. मी वायर सोलून आतली एकच केसाएवढी तार सुटी केली आणि चष्मा चढवून आत घातली. तीन-चारदा मागेपुढे केल्यावर पलीकडून उजेडाचा टिपका आला. डोळा लावून मी तो किती वेळ बघत होते कोण जाणे.

मग आतली नळी गुळगुळीत करून, धुऊन, नवी वाटी घालून सगळं परत जोडलं. चाकाजवळचं खालचं सामान आणि मधला पाइपही तिनं नवा घातला. दुपार झाली. तिनं सीलबंद बाटली फोडली आणि माझ्या हातात दिली. "तेल तुम्ही घाला, आत्या. मी खाली बसून हवा काढते."

काचेची डबी उघडी, स्वच्छ, माझ्या समोर. बाटली माझ्या हातात. आणि हात परत तसाच थांबला.

"मी न्हाई घालणार."

"का?"

"मागं एकदा घातलंय मी."

ती उठून उभी राहिली. "कुठलं?"

"गोडं. नवमीला. देवापुढचं."

सून पोत्यावर खाली बसली. हसेल असं मला वाटलं, क्षणभर तिच्या ओठांवर आलंही, मग गेलं. "कुणाला ठाऊक हाय?"

"आता तुला."

"ह्यांना सांगायला पाहिजे."

"तू सांग. तुला ते भोकाबिकाचं नीट सांगता येतं."

"न्हाई, आत्या. घातलंय तुम्ही. भोकाचं मी सांगते, घालायचं तुम्ही सांगा."

मुलगा झेंडूचे क्रेट टेम्पोत चढवून आला तेव्हा मी ओट्यावर बसले होते, फुगलेलं रबर तळहातावर घेऊन. मी सगळं सांगितलं. बुधली, काच, देवानं भरलं असंल, चकली, वजन वाढलंय. विनोदसुद्धा वगळला नाही. सुनेनं तिच्या वाटणीचं सांगितलं. तो रबराकडे बघत होता. त्याच्या हाताला झेंडूचा वास येत होता.

मला वाटलं होतं, ओरडेल. तो म्हणाला, "म्हंजी दादा प्यालेले नव्हते?"

"नव्हते रे. कधीच न्हाई."

"नक्की?"

"नक्की."

"पोरांना मारायचो मी आधी," तो म्हणाला. "मग सोडलं. म्हटलं, खरं असंल म्हणूनच आई काय बोलत न्हाई."

मी रबर ह्या तळहातावरून त्या तळहातावर घेतलं.

"आजी गेली तवा तरी सांगायचंस. ती तर भुताला जेवायला वाढत मेली."

तो उठून गेला. रबर माझ्याच हातात राहिलं. पुढे कितीतरी दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. पाणी सोडलंय, गोळ्या घे, दार लाव. माझं तेल त्यानं एका दुपारी माफ केलं असावं. माझं गप्प बसणं अजून केलेलं नाही, आणि त्यानं घाई करावी असं मला वाटत नाही. एवढं मात्र झालं, एके सकाळी दादांचा फोटो भिंतीवर ओल्या फडक्याचा वास मारत होता.

खंडेनवमीला त्यानं स्वतः गाडी धुतली, हार घातला. मी हळद-कुंकू लावलं. सवयीनं बुधलीकडे हात गेला तर त्यानं ती उचलून थेट माळ्यावर ठेवली. "तू फक्त कुंकू."

मग म्हणाला, "बस मागं. दौंडला आत्याकडं जाऊन येऊ." ही आत्या म्हणजे त्या दिवाळीला जी स्टेशनापाशी भावाची वाट बघत उभी राहिली ती. तिलाही सांगायचं होतं.

मी बसले. कनवटीला लिंबू होतं, ते त्याला सांगितलं नाही. उतार आला तशी मी त्याचा सदरा मुठीत धरला. मागून पाठ बापाचीच, मानेवरचा तो केसांचा भोवरासुद्धा. पलीकडून एका ट्रकवाल्यानं खिडकीतून हात हलवला, "ओ दादा, हॉर्न मारा! इथं चाक धरतं!"

मुलानं हॉर्न मारला नाही. दोन बोटांनी ब्रेक दाबला. गाडी हळू झाली. सोडला, गाडी पुढे सरकली. परत दाबला, परत सोडला. दगडापाशी येईपर्यंत त्यानं असं कितीदातरी केलं. मग मान न वळवता म्हणाला, "गाडी जड चालतीय गं."

तोच आवाज. ऊन तेच. माझ्या तोंडात शब्द आले आणि मी दात घट्ट मिटले.

"थांब," मी ओरडले. "थांब आधी. बघू."

तो थांबला. मी उतरले, पदर खोचला, रस्त्याच्या कडेला वाकून डिस्कला हात लावला. कोमट होती. त्याला पुढचं चाक उचलून धरायला लावलं आणि हातानं फिरवलं. गरगर फिरलं. थांबायची वाट बघितली आणि परत फिरवलं. ट्रकवाला गाडी बाजूला घेऊन माझ्याकडे बघत होता. म्हातारीला बाहेरचं काहीतरी लागलं, असं त्याला वाटलं असणार.

"कुठं जड हाय?" मी विचारलं.

"मागं," तो म्हणाला. "वजन वाढलंय तुझं."

तो हसला नाही. मीही नाही, लगेच तरी नाही. कनवटीचं लिंबू काढलं, दगडापाशी ठेवलं. मग उचललं आणि परत कनवटीला लावलं. नणंदेकडे सरबत होईल म्हणून.